लिंबूटिंबूंना डावात घेणार कोण?

जून महिन्याच्या मध्यास शाळा उघडल्या की बालवाड्यांच्या दारांशी दरवर्षी एकच दृश्य दिसते. आईच्या ओढणीचे टोक घट्ट धरून आक्रंदणारी मुले, खिडकीच्या गजांतून डोकावणारे बाप, हसावे की रडावे हे न कळून हातात डबा घेऊन उभी राहिलेली एखादी आजी, आणि या साऱ्या कोलाहलात एकाला कडेवर व दुसऱ्याला बोटाशी धरून फिरणाऱ्या बाई. आठ-पंधरा दिवसांत रडे ओसरते आणि पालकांच्या प्रश्नांना प्रारंभ होतो. 'ए-बी-सी-डी अजून सुरू झाली नाही का?', 'शंभरपर्यंत अंक केव्हा येतील?', 'शेजारच्या शाळेतली मुले शब्द लिहितात, आमचा अजून रेघोट्याच ओढतो आहे, असे का?' हे प्रश्न अस्वाभाविक नाहीत. मुलाने पुढे जावे असे कोणाला वाटणार नाही? परंतु 'आमच्या मुलीला कोणी मैत्रीण मिळाली का?' किंवा 'आमचा मुलगा दुसऱ्याची पाळी येईपर्यंत थांबतो का?' असे विचारणारा पालक क्वचितच भेटतो. माणसांत वावरणे ही शिकण्याची गोष्ट आहे, ती शिकविता येते आणि शिकविली नाही तर राहून जाते, ही जाणीवच आपल्या समाजात पुरेशी रुजलेली नाही.

काही वर्षांपूर्वी एका बालवाडीत प्रस्तुत लेखकाने पाहिलेला एक साधा प्रसंग येथे सांगण्याजोगा आहे. चार वर्षांचा एक मुलगा लाकडी ठोकळ्यांचा पूल रचीत होता. दुसऱ्याने येऊन त्यातला एक ठोकळा उचलला. पहिल्याने त्याच्या हाताला कडकडून चावा घेतला. बाई धावत आल्या. 'सॉरी म्हण आधी!' त्यांनी दटावले. मुलाने अत्यंत स्वच्छ उच्चारात, खणखणीत आवाजात 'सॉरी' म्हटले. बाईंचे समाधान झाले. पाच मिनिटांच्या आत त्याने त्याच मुलाला पुन्हा चावा घेतला आणि या वेळी कोणी सांगण्यापूर्वीच 'सॉरी' म्हणून तो मोकळा झाला. त्या मुलाला शब्द आला होता. तो शब्द ज्यासाठी उच्चारावयाचा, ती गोष्ट मात्र त्याच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती. ज्याला आपण 'मॅनर्स' म्हणतो त्यातील बराचसा भाग असा असतो: वर सोनेरी वर्ख, आत पोकळी.

अंगणातील शाळा

ही गोष्ट पूर्वी मुले कोठे शिकत होती? त्यासाठी कोणी अभ्यासक्रम आखला नव्हता हे खरे. वाड्याचा चौक, चाळीची गॅलरी, गावातील देवळापुढचे पटांगण, गल्लीचा कोपरा या त्यांच्या शाळा होत्या आणि जरा मोठी मुले हेच तिथले शिक्षक होते. त्या शाळेची परिभाषासुद्धा पाहण्यासारखी आहे. चकून सुटल्यावर ज्याच्यावर 'राज्य' येई, त्याला ते घ्यावेच लागे. तेथे रडून चालत नसे. 'भिडू' वाटून घेताना दोन्ही बाजू तुल्यबळ व्हाव्यात हे मुलेच पाहत. भांडण झाले तर 'कट्टी' आणि दुपार टळण्यापूर्वी 'बट्टी'. आपले काही बिनसले असेल तर 'टाइमप्लीज' म्हणून डाव थांबविण्याचा हक्क सर्वांत लहान मुलालाही असे. भातुकलीत तर सारा संसारच असे. कोण आई, कोण पाहुणा, कोण वाणी, हे ठरविताना जेवढी वाटाघाट होई तेवढी एखाद्या सभेतही होत नसेल.

या सगळ्यांत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो शब्द म्हणजे 'लिंबूटिंबू'. ज्याला नीट पळता येत नाही, नियम कळत नाहीत, अशा धाकट्या भावंडाला मोठी मुले खेळातून हाकलून देत नसत. त्याला लिंबूटिंबू म्हणून डावात घेत. तो पळे, ओरडे, पकडला जाई; पण त्याच्यावर राज्य येत नसे. वर्ष-दोन वर्षांत बघता बघता तो नियम शिके आणि एके दिवशी स्वतःच निक्षून सांगे, 'मी आता लिंबूटिंबू नाही.' रशियन मानसशास्त्रज्ञ लेव व्हिगोट्स्की (१८९६–१९३४) यांनी असा सिद्धान्त मांडला की, मूल जे आज दुसऱ्याच्या मदतीने करते ते उद्या ते एकट्याने करू शकते, आणि खरे शिक्षण याच दोहोंमधल्या पट्ट्यात होत असते. त्या सिद्धान्ताचे नावही न ऐकलेली आपली मुले तो रोज संध्याकाळी आचरणात आणीत होती.

तथापि, गतकाळाचे गोडवे गाताना त्याचे दोष झाकण्याचे कारण नाही. त्या अंगणालाही कुंपण होते. काही घरांतील मुलांना त्यात पाऊल टाकता येत नव्हते. दांडगट मुलाचा जाच मुकाट्याने सोसावा लागे. कित्येक मुलींच्या वाट्याला खेळ न येता कडेवर धाकटे भावंडच येत असे. म्हणून ते अंगण जसेच्या तसे परत आणावयाचे, असे येथे कोणाला सुचवावयाचे नाही. आणि सुचविले तरी ते येणार नाही. वाडे पडले, चाळींचे मनोरे झाले, गल्ली मोटारींनी व्यापली. घरात मूल एक किंवा फार तर दोन. नव्या वसाहतींच्या आवारात 'येथे खेळण्यास सक्त मनाई आहे' अशी पाटी लावणारे आपणच, आणि 'हल्लीची मुले एकलकोंडी झाली आहेत' अशी तक्रार करणारेही आपणच. त्यात मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे शाळा आणि अंगणवाड्यांची दारे मिटली, आणि लहानग्यांच्या वर्गांच्या बाबतीत ती जवळजवळ दोन वर्षे मिटलेलीच राहिली. त्या काळात दोन-तीन वर्षांची असलेली कितीतरी मुले समवयस्कांचा सहवास म्हणजे काय हे न अनुभवताच थेट वर्गात येऊन बसली. अंगण आपोआप जे शिकवीत होते, ते आता जाणीवपूर्वक शिकवावे लागणार आहे. प्रश्न एवढाच, की ते कोणी आणि कसे?

वयाचा हिशेब

मार्गदर्शन करावयाचे तर प्रथम मुलाच्या वयाचा हिशेब ठेवावयास हवा. दोन वर्षांचे मूल आपले खेळणे दुसऱ्याला देत नाही म्हणून त्याला 'हावरट' म्हणणे हे चालता न येणाऱ्याला लंगडा म्हणण्यासारखे आहे. मिल्ड्रेड पार्टन या अमेरिकन संशोधिकेने बालवाडीतील मुलांच्या खेळाचे निरीक्षण करून १९३२ साली त्याच्या पायऱ्या सांगितल्या. आजही शिक्षकांच्या प्रशिक्षणात त्या शिकविल्या जातात. प्रारंभी मूल एकटेच खेळते किंवा नुसते पाहत राहते. मग ते दुसऱ्या मुलाच्या शेजारी बसून, पण आपापलाच खेळ खेळते. दोघेही वाळूत खड्डे खणीत असतात, पण खड्डे वेगळे. त्यानंतर खेळणी एकमेकांकडे जाऊ लागतात, बोलणे सुरू होते; आणि सर्वांत शेवटी 'तू पाणी आण, मी भिंत बांधतो' असा वाटून घेतलेला खेळ येतो. या पायऱ्या एकामागून एक शिस्तीत चढल्या जातात असे मात्र नाही. मूल त्यांवर खाली-वर करीत असते, आणि पाच वर्षांचे मूल एकटे रमले म्हणजे त्यात काही वावगे आहे असेही नव्हे.

याचा अर्थ असा की, शेजारी बसून वेगवेगळे खेळणारी दोन मुले पाहून ज्या आईला काळजी वाटते, तिच्या डोळ्यांसमोर वस्तुतः पुढच्या मैत्रीचा पाया घातला जात असतो. दुसऱ्याच्या मनात आपल्याहून वेगळे काही असू शकते, ही कल्पनासुद्धा मुलाला साधारणपणे चार-पाच वर्षांच्या सुमारास नीट येऊ लागते. त्यापूर्वी 'त्याला काय वाटले असेल याचा विचार कर' हा उपदेश म्हणजे न वाचता येणाऱ्याच्या हाती पोथी देणे होय.

येथेच एक सावधगिरीची सूचना करावयास हवी. हाक मारली तरी वळून न पाहणे, बोटाने वस्तू न दाखविणे, नजरेला नजर न देणे, आलेले शब्द नाहीसे होणे, अशी लक्षणे दिसत असतील तर तो हट्ट किंवा लाजाळूपणा समजून वाट पाहत बसू नये. मुलाची श्रवणशक्ती तपासून घ्यावी आणि बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. अशा बाबतीत मदत जितकी लवकर, तितका तिचा उपयोग अधिक. 'याचा बापही उशिराच बोलू लागला' या घरगुती दिलाशाने कितीतरी मोलाची वर्षे वाया जातात.

भांडणाचे शिक्षण

मुलांना माणसांत वावरणे शिकविण्याची सर्वांत उत्तम वेळ कोणती? माझे उत्तर आहे, ती भांडत असताना. आणि नेमकी हीच वेळ आपण वाया घालवितो. एकतर आपण न्यायाधीश होतो: 'कोणी सुरुवात केली?' किंवा फौजदार होतो: 'दोघांनाही खेळणे मिळणार नाही.' दोन्ही प्रकारांत भांडण मिटते. परंतु ते मिटविले मोठ्यांनी, त्यामुळे मुलांच्या पदरी काही पडत नाही.

ठोकळ्यांच्या त्या प्रसंगाकडेच पुन्हा वळू. बाईंनी आधी हात थांबविला असता, कारण मारणे-चावणे चालू देणे हे कोणत्याही शिक्षणशास्त्रात बसत नाही. ज्याला चावा बसला त्याच्याकडे प्रथम पाहिले असते. मग खाली बसून, दोघांच्याही नजरेच्या पातळीवर येऊन, त्यांना एवढेच सांगितले असते: 'तुझा पूल मोडला म्हणून तुला राग आला. त्याला मात्र खूप दुखले आहे, बघ, दात उमटले आहेत. आता काय करू या?' आणि हे विचारून झाल्यावर त्या गप्प राहिल्या असत्या. हे गप्प राहणेच कठीण असते. त्या शांततेत चार वर्षांची मुले चकित करणारे तोडगे काढतात. एखादा ओल्या रुमालाची घडी करून आणतो. एखादा म्हणतो, 'हा ठोकळा तू पुलाखालची गाडी म्हणून घे.' पुढच्या वेळी चावण्याऐवजी 'माझा पूल आहे, घेऊ नकोस' हे शब्द त्याला आधीच देऊन ठेवता येतात. रागाला शब्द मिळाला की दातांचे काम कमी होते. 'सॉरी' सांगावयाचे नाही असे नाही. पण तो शब्द दुरुस्तीनंतर यावा, दुरुस्तीऐवजी येऊ नये.

बुजऱ्या मुलांच्या बाबतीत आपली चूक नेमकी उलट दिशेने होते. पाहुणे आले की 'काकांना कविता म्हणून दाखव' असा आग्रह सुरू होतो. मूल आईच्या मागे लपते. 'फार लाजतो हो हा, अगदी घुम्या आहे,' असे त्याच्यादेखत सांगितले जाते. चार जणांत चार वेळा ऐकलेले हे वर्णन मूल खरे मानते आणि त्याप्रमाणे वागू लागते. अशा मुलाला गर्दीत ढकलण्यापेक्षा एकाच मुलाला घरी खेळावयास बोलवावे. दोघांना मिळून करता येईल असे काम द्यावे; मटार सोलणे, कणकेच्या चिमण्या करणे, कुंडीला पाणी घालणे. हात गुंतले की जीभ सुटते. काही मुले आधी काठावर बसून पुरता डाव पाहून घेतात आणि मगच उतरतात. त्यांना तेवढा अवधी देणे हेच त्यांचे मार्गदर्शन.

घर हीच पहिली बालवाडी

परंतु बालवाडीतील तीन-चार तासांत हे सारे होईल अशी अपेक्षा करणे बाईंवर अन्याय करणारे आहे. उरलेले वीस तास मूल घरी असते. 'सहभागी पालक' म्हणजे स्नेहसंमेलनासाठी पोशाख भाड्याने आणणारे आणि सभेला येऊन फीविषयी प्रश्न विचारणारे पालक, अशी आपली समजूत झाली आहे. खरा सहभाग घरातील रोजच्या व्यवहारात असतो, आणि त्याला पैसा लागत नाही.

ताटे-पाणी घेण्याचेच काम पाहा. घरात माणसे किती, पेले किती लागतील, आजोबांना वाटी लागते, ताईला तिखट चालत नाही. तीन वर्षांच्या मुलाला यातील दोन पेले मांडण्याचे काम दिले, तरी त्याला गणिताबरोबरच घरातील दुसऱ्या माणसाची गरज ओळखण्याचा धडा मिळतो. सापशिडी खेळताना मूल रडेल म्हणून आपण मुद्दाम हरतो. एखादे वेळी जिंकावे आणि त्याला हरण्याची सवय होऊ द्यावी. हरल्यावर पुन्हा डाव मांडता येतो, हे त्याने घरच्यांबरोबर शिकावे, म्हणजे बाहेरच्यांबरोबर ते जड जात नाही. आणि आपले चुकले तर मुलाची क्षमा मागावी. 'मघाशी मी उगाच ओरडलो, माझे चुकले' असे वडिलांच्या तोंडून ऐकणाऱ्या मुलाला 'सॉरी' या शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. या कामात वडिलांचा वाटा केवळ दटावण्यापुरता असणे हे तर सर्वथा गैर आहे.

मोबाइलविषयी बोलल्यावाचून आज हा विषय पुरा होऊ शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार एक वर्षाच्या मुलांनी पडद्यासमोर मुळीच बसू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसाकाठी तासाहून अधिक बसू नये. घास भरविताना मोबाइल समोर धरणाऱ्या आईला दोष देणे सोपे आहे. नोकरी, स्वयंपाक आणि लोकलचा प्रवास यांत पिचलेल्या तिला दुसरा कोणाचा आधार आहे, हेही विचारले पाहिजे. मात्र पडद्यावरील चित्र मुलाला 'मला पण दे' असे म्हणत नाही, रुसत नाही, समजूत काढावयास लावीत नाही. मुलाला घडविणारी जी घर्षणे आहेत, ती सारीच तेथे नाहीत. आणि मुलाने पाहिलेला पहिला मोबाइल आपल्याच हातातला असतो, हेही विसरता येत नाही.

याहूनही एक सूक्ष्म गोष्ट आहे. घरी धुणीभांडी करावयास येणाऱ्या, आजीच्या वयाच्या बाईंना आपले मूल 'तू' म्हणते की 'तुम्ही'? भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी, इमारतीच्या रखवालदाराशी आपण कोणत्या सुरात बोलतो? मराठी भाषेने आदराची ही पायरी क्रियापदातच बसविली आहे, त्यामुळे ती लपवू म्हटले तरी लपत नाही. कोणाला 'अहो' म्हणावयाचे आणि कोणाला 'अगं' म्हटले तरी चालते, याची जी यादी मूल चार वर्षांचे होईपर्यंत पाठ करते, ती आपण त्याला शिकविलेली समाजरचनाच असते. पुढे नागरिकशास्त्राच्या पुस्तकातील समतेचा धडा ती यादी सहजी पुसू शकत नाही.

कोसबादच्या टेकडीचा धडा

बालशिक्षणात पालकांना आणि वस्तीला सामावून घेण्याचा विचार आपल्याकडे कोठून तरी आयात झालेला नाही. वकिली सोडून बालशिक्षणाकडे वळलेल्या गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) त्यांना जाऊन मिळाल्या आणि १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. मॉंटेसरी पद्धतीचे तत्त्व घ्यावे आणि तिची महाग साधने सोडून आपल्या मातीतील साधने वापरावी, ही त्यांची दृष्टी होती. १९४५ साली ताराबाईंनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. त्या कामात अनुताई वाघ (१९१०–१९९२) त्यांच्या सहकारी झाल्या, आणि पुढे हे कार्य कोसबादच्या टेकडीवर वारली आदिवासींमध्ये गेले.

बोर्डीत त्यांच्यासमोर जो पेच उभा राहिला तो आजच्या पालक-शिक्षकांनी अभ्यासण्यासारखा आहे. दलित आणि आदिवासी वस्त्यांतील मुले बालवाडीत येईनात. तेव्हा 'पालक अडाणी आहेत' असा शेरा मारून त्या थांबल्या नाहीत. मूल शाळेकडे येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, असे ठरवून त्यांनी वस्तीतल्याच अंगणात बालवाडी नेली. तीच अंगणवाडी. गुरे चारावयास जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. अंगणात भरणाऱ्या शाळेचा मोठा गुण असा की, आईला वेगळ्या सभेला बोलवावे लागत नाही. बाई मुलाला न्हाऊ-माखू घालताना, भांडण सोडविताना, गाणे म्हणताना ती ते पाहत असते. पालकशिक्षणाचा याहून सरळ मार्ग कोणता असेल?

याच नावाने २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. आज देशात सुमारे चौदा लाख अंगणवाड्या आहेत. परंतु पोषण आहार, वजने, लसीकरण, नोंदवह्या आणि आता मोबाइलवरील नोंदी या ओझ्याखाली अंगणवाडीसेविकेच्या दिवसातून खेळ आणि गोष्ट हेच पहिले हद्दपार होतात. नाव राहिले, अंगण मात्र आकसले.

पालकांपर्यंत जाण्याचे फळ काय, याचा पुरावा दूरच्या देशातूनही मिळतो. अमेरिकेतील मिशिगन राज्यात इप्सिलांटी या गावी १९६२ साली गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतील १२३ मुलांवर एक प्रयोग सुरू झाला. त्यांपैकी ५८ मुलांना चांगली बालवाडी मिळाली आणि शिक्षिका दर आठवड्याला त्यांच्या घरी जाऊन आईबरोबर व मुलाबरोबर दीड तास घालवीत. काही वर्षांत या मुलांच्या बुद्ध्यांकातील आघाडी ओसरली आणि टीकाकारांनी प्रयोग फसल्याचे जाहीर केले. परंतु ही मुले चाळीस वर्षांची झाली तेव्हा त्यांची कमाई उरलेल्यांपेक्षा अधिक होती आणि अटकेचे प्रसंग कमी होते. नोबेल पारितोषिकाचे मानकरी अर्थशास्त्रज्ञ जेम्स हेकमन यांनी दाखवून दिले की, हा लाभ मुख्यतः वागणुकीत आणि स्वभावात पडलेल्या फरकातून झाला होता. प्रयोग लहान होता, देश वेगळा होता, हे ध्यानात ठेवूनही त्यातील बोध दुर्लक्षिण्याजोगा नाही.

'त्यांच्यात खेळू नकोस'

आता मूळ प्रश्नाला भिडावयास हवे. मुलांना मिळूनमिसळून वागता यावे असे आपण म्हणतो तेव्हा कोणाशी, हे अध्याहृत ठेवतो. आपल्याच इमारतीतल्या, आपल्याच भाषेच्या, आपल्याच ऐपतीच्या मुलांशी मिसळणे हे शिकवावेच लागत नाही. खरी कसोटी कुंपणापलीकडच्या मुलाची आहे. 'त्यांच्यात खेळू नकोस, त्यांची भाषा बिघडलेली असते' हे वाक्य कोणत्या घरात उच्चारले गेले नाही?

शिक्षणहक्क कायदा २००९ साली झाला आणि खासगी शाळांतील प्रवेशवर्गात पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी राखल्या गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली ही तरतूद, अल्पसंख्याकांच्या विनाअनुदानित शाळा वगळून, ग्राह्य ठरविली. तरीही फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने नियम बदलून, एक किलोमीटरच्या परिसरात सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जबाबदारीतून वगळले. मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल जुलै २०२४ मध्ये रद्द केला, म्हणून ती जबाबदारी टिकली. या वादात गरीब मुलांच्या लाभाविषयी पुष्कळ बोलले गेले. सुस्थितीतील मुलांना यातून काय मिळते, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही. दिल्लीतील खासगी शाळांचा अभ्यास करून अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेले निष्कर्ष या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. ज्या संपन्न मुलांना गरीब वर्गमित्र लाभले, ती मुले अधिक उदार झाली, इतरांसाठी वेळ देण्यास अधिक तयार झाली, आणि शर्यतीसाठी जोडीदार निवडताना गरीब मुलाला डावलण्याची त्यांची प्रवृत्ती कमी झाली. त्यांच्या अभ्यासाचे एकंदरीत म्हणण्यासारखे नुकसान झाले नाही. इंग्रजीत किंचित घट दिसली एवढेच. जी 'सामाजिक कौशल्ये' शिकविण्यासाठी आपण सुट्टीतील शिबिरांना पैसे मोजतो, ती शेजारच्या बाकावर फुकट उपलब्ध असतात. परंतु नुसते एका वर्गात बसविल्याने सारे साधत नाही. डबा खाताना कोण कोणाशेजारी बसते, वाढदिवसाला कोणाला बोलावणे जाते आणि कोणाला जात नाही, याकडे बाईंचे व पालकांचे लक्ष असावयास हवे. वर्गातील सर्वांना बोलावणे आणि घरी केलेला शिरा वाटणे, हे आपल्या हाती आहे.

करावयाचे काय?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० साली तीन ते आठ या वयाला शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानले आणि खेळातून शिकण्याचा पुरस्कार केला. कागदावर हे स्वागतार्हच आहे. ते अंगणात उतरावयाचे असेल तर काही साध्या गोष्टी तातडीने करता येतील. अंगणवाडीसेविकेचे नोंदणीचे ओझे कमी करून तिला मुलांसाठी वेळ मोकळा द्यावा आणि तिच्या कामाला साजेसे वेतन द्यावे. बालवाड्यांनी पालकांना प्रगतिपुस्तक दाखविण्यासाठी बोलावण्याऐवजी पाळीपाळीने एक तास वर्गात बसवून खेळ पाहू द्यावा. शंभर व्याख्यानांनी जे होणार नाही ते त्या एका तासात होईल. गृहनिर्माण संस्थांनी मनाईच्या पाट्या काढून संध्याकाळचे दोन तास आवार मुलांच्या स्वाधीन करावे आणि गाड्या थोड्या आवराव्या. घरातील निवृत्त आजी-आजोबांनी त्या वेळी कट्ट्यावर नुसते बसून राहावे; भांडणात पडू नये, पण नजर ठेवावी. मुले मोठ्यांची केवळ उपस्थितीही पुष्कळ असल्याप्रमाणे धीट होतात.

ज्या मुलाने चावा घेतला होता, त्याचे पुढे काय झाले हे सांगावयाचे राहिले. बाईंनी त्याच्या घरी जाऊन पाहिले. दिवसभर तो एका आजारी आजोबांजवळ टीव्हीसमोर बसलेला असे. आई-वडील रात्री उशिरा येत. खेळणी भरपूर होती, पण 'माझे आहे, घेऊ नकोस' असे ज्याला म्हणावे असे त्या घरात कोणी नव्हते. बाईंनी शेजारच्या मजल्यावरील दोन मुलांच्या आयांशी बोलून संध्याकाळी तिघांना एकत्र खेळावयास बसविण्याची व्यवस्था लावून दिली. दिवाळीपर्यंत चावणे थांबले. त्यात चमत्कार काहीच नव्हता. त्याला कोणीतरी डावात घेतले होते.

प्रत्येक मूल या जगात लिंबूटिंबू म्हणूनच येते. राज्य न देता त्याला काही काळ खेळू द्यावयाचे, पडल्यास उचलावयाचे, आणि तो स्वतः होऊन राज्य मागेल तेव्हा बाजूला व्हावयाचे, एवढेच मोठ्यांचे काम आहे. मात्र डावाबाहेर, कुंपणाशी उभे राहून पाहत असलेल्या मुलालाही हाक मारावयास हवी. ती हाक आपली मुले मारतील की नाही, हे आज आपण त्यांच्यादेखत कोणाला हाक मारतो यावर अवलंबून आहे.